न्हाणीतल्या पाच टाइल्स

थोरलीने आयुष्यात माणसावर हातोडी एकदाच उचलली. घाव मात्र तीन घातले. पहिल्या दोन घावांबद्दल कुणी विचारलं तर ती आजही मान वर ठेवून उत्तर देते. तिसऱ्याबद्दल विचारलं की आधी हातातलं काम खाली ठेवते.

ती फरशीवाली. पंचवीस वर्षं टाइल्स बसवत होती. वडिलांच्या हाताखाली शिकली आणि ते गेल्यावर त्यांची सिमेंट थापायची करणी, त्यांची सपाटी बघायची चार फुटी लेव्हल घेऊन एकटी उभी राहिली. न्हाणीघराच्या कामात तिचा हात धरणारं कुणी नाही, असं तिच्यावर जळणारे मिस्त्रीसुद्धा कबूल करायचे. टाइलच्या रंगावरून तासभर वाद घालणाऱ्या मालकांना ती सांगायची, "टाइल पाणी अडवत नसते. ती नुसती तोंडावरची पावडर आहे. पाणी अडवतो तो मागचा लेप." जमिनीला आणि भिंतीला रबरासारखा लेप, एक हात आडवा, तो वाळला की दुसरा उभा. कोपऱ्यांत जाळीची पट्टी. मग मोरीचं तोंड बंद करून घोटाभर पाणी भरायचं आणि दोन दिवस आत कुणी पाऊल टाकायचं नाही. पाण्याची रेघ खाली सरकली नाही, तरच टाइलला हात लावायचा. भिंत आणि जमीन जिथे भेटतात त्या कोपऱ्यात सिमेंट भरणाऱ्या गड्याला तिने एकदा भर दुपारी कामावरून हाकललं होतं. "भिंत वेगळी हलते, जमीन वेगळी हलते," ती म्हणाली होती. "तिथे सिलिकॉन भरायचं असतं. घट्ट आवळलंस की तडा जाणार, आणि शिव्या मला पडणार."

तिने लग्न केलं नाही. धाकटी बहीण तिच्याहून चौदा वर्षांनी लहान. आई लवकर गेली, म्हणून धाकटीची वेणी, शाळा, ताप, पहिली नोकरी, सगळं थोरलीनेच निस्तरलं.

आणि धाकटीला नवराही तिनेच शोधून दिला.

त्याला कामावर सगळे थंड्या म्हणत. कुणी कितीही डिवचलं तरी त्याचा आवाज चढायचा नाही, म्हणून हे नाव. थोरलीकडे आला तेव्हा त्याला करणी नीट धरता येत नव्हती. तीन वर्षांत तो असा तयार झाला की सांधा हाताने चाचपून अर्ध्या मिलिमीटरचा फरक सांगायचा. कापताना टाइल तुटली तरी शिवी नाही, दुसरी उचलायची. थोरलीला वाटलं, आठ-आठ तास शेजारी बसून ज्याला कधी चिडलेलं पाहिलं नाही, त्याच्या घरी आपली पोर सुखात राहील.

एक गोष्ट तिने पाहिली होती, पण मनावर घेतली नव्हती. एका बंगल्याच्या मालकिणीने त्याला चार लोकांसमोर अडाणी म्हटलं. "हो बाई, चुकलं," एवढंच तो म्हणाला. नंतर थोरली मागच्या अंगणात गेली तर तो उकिडवा बसून फेकायच्या टाइल्स एकेक करून गुडघ्यावर मोडत होता. शांतपणे, अगदी मोजून मोजून. बारा मोडल्या, हात झटकले आणि कामाला लागला. थोरलीला हसू आलं होतं. माणसावर राग काढण्यापेक्षा हे बरं, असं तिने तेव्हा स्वतःला सांगितलं.

लग्नात कुणी भांडी दिली, कुणी कपाट. थोरलीने न्हाणीघर दिलं. चौथ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांच्या घरात सहा फूट बाय पाच फुटांची न्हाणी होती. तिने आणि थंड्याने मिळून ती उखडली, लेप दिला, दोनाऐवजी तीन दिवस पाणी भरून ठेवलं आणि छतापर्यंत पांढऱ्या टाइल्स लावल्या. नेहमीच्या पद्धतीप्रमाणे सहा टाइल्स जास्तीच्या ठेवून दिल्या, माळ्यावर, खोक्यात. पुढे कधी एखादी फुटली तर त्याच रंगाची हाताशी असावी म्हणून.

त्याला चार वर्षं झाली. एका मंगळवारी सकाळी थोरलीला फोन आला. धाकटीच्या बरोबर खालच्या घरात एक म्हातारा घड्याळवाला राहायचा. दुकान बंद करून आता घरीच खिडकीपाशी टेबल मांडून घड्याळं दुरुस्त करायचा. त्याचा ओटा थोरलीनेच करून दिला होता, म्हणून नंबर त्याच्याकडे होता.

"बाई, वरून पाणी गळतंय. अगदी माझ्या टेबलावर. काल एक उघडलेलं घड्याळ भिजलं."

"ती न्हाणी मी केली आहे," थोरली म्हणाली. "ती गळणार नाही."

"मग माझ्या डोक्यावर काय पडतंय ते येऊन सांगा."

थोरलीच्या जिव्हारी लागलं. त्या दिवशी ती आणि थंड्या एकाच मोठ्या इमारतीच्या कामावर होते. ती दुसऱ्या मजल्यावर, तो सहाव्या. त्याला उगाच आताच कशाला खजील करायचं, आधी बघून तर येऊ, असा विचार करून तिने हत्यारांची पिशवी उचलली. सिमेंट कालवणाऱ्या बाईला सांगितलं, "धाकटीकडे जाऊन येते. न्हाणी गळते म्हणे." आणि निघाली.

धाकटीने दार उघडलं ते अर्धंच. "तू? आत्ता?"

"बाजूला हो. गळती बघायची आहे."

"ते बघणार आहेत रविवारी. ताई, राहू दे ना."

थोरली तिला ओलांडून सरळ न्हाणीत गेली. शॉवरच्या खालच्या भिंतीवर, दारातून शिरल्यावर उजव्या हाताला, एक टाइल बाकीच्यांपेक्षा केसभर पुढे आली होती. दुसऱ्या कुणाला दिसली नसती. थोरलीने हातोडीच्या दांड्याने तिच्यावर टकटक केलं. भरीव टाइल घट्ट वाजते. ही मडक्यासारखी वाजली.

"ही कधी बदलली?"

"मला काय माहीत? ते करतात काहीतरी."

थोरलीने सांधा खरवडला, छिन्नी लावली. दोन ठोक्यांत टाइल सुटून हातात आली, आणि तिने मागे पाहिलं तर तिला तोंडात कुणी मारल्यासारखं झालं. चार कोपऱ्यांना चार आणि मध्ये एक, असे सिमेंटच्या मसाल्याचे पाच गोळे थापून टाइल चिकटवली होती. मधली सगळी जागा पोकळ. लेप फाटून लोंबत होता. त्यावर लेपाचा नवा हात तर सोडाच, बोटभर पट्टीसुद्धा नव्हती. रोज आंघोळीचं पाणी सांध्यातून त्या पोकळीत शिरत होतं आणि भिंतीतून खाली घड्याळवाल्याच्या छताला जात होतं.

पाच गोळ्यांवर टाइल लावणाऱ्याला थंड्या स्वतः खो-खो हसायचा. हे काम त्याचं असूच शकत नाही, असं क्षणभर तिला वाटलं. मग तिने भिंतीकडे नीट पाहिलं. लेपामागच्या प्लास्टरला वाटीएवढा खळगा पडला होता आणि त्यातून बारीक तडे चारी बाजूंना गेले होते.

इमारत बसते तेव्हा तडा लांब जातो, तिरका, सांध्याच्या वाटेने. जमीन हलली तर कोपऱ्यातून निघतो. हे असं मध्ये खळगा आणि भोवती किरणं, हे एकाच गोष्टीने होतं. कुणीतरी काहीतरी जोरात आपटल्याने.

"माळ्यावरून एक टाइल दे," ती म्हणाली. "खोक्यातली."

धाकटी हलली नाही. थोरलीने स्वतःच स्टुलावर चढून खोकं काढलं. आत एक टाइल होती.

ती खोकं तसंच हातात घेऊन खाली उतरली. "सहा ठेवल्या होत्या मी."

धाकटी ओट्याला पाठ लावून उभी होती. घरातसुद्धा तिने डोक्याला रुमाल बांधला होता.

थोरली पुन्हा न्हाणीत गेली आणि खालपासून वरपर्यंत एकेक टाइल वाजवत निघाली. दुसरी बदललेली टाइल नळाजवळ सापडली. घाईत लावलेली, पण निदान मसाला पूर्ण होता. तिसरी दाराच्या चौकटीपाशी. चौथी शोधायला वेळ लागला. पाचवी तर तिला वाजवून कळलीच नाही. तिथला सांधा जरा जास्त पांढरा होता, म्हणून तिने ती काढून पाहिली. मागे लेप चारी बाजूंनी कापून नवा जोडला होता, वर जाळीची पट्टी, वर दोन हात. वडिलांनी पाहिलं असतं तर पाठ थोपटली असती.

ही पहिली असणार. पहिल्या वेळी तो हादरला असेल, आणि सगळं होतं तसं करून ठेवायला जीव तोडून बसला असेल. पुढच्या वेळी थोडी घाई केली. मग आणखी थोडी. शेवटची पाच गोळ्यांवर. आता त्याला काही वाटेनासं झालं होतं. आवाज न चढवता भिंतीने सगळं तिला सांगून टाकलं, आणि ती चार वर्षं रोज त्या माणसाला विचारत आली होती, "धाकटी कशी आहे?" आणि तो म्हणत आला होता, "मजेत."

"इकडे ये," तिने हाक मारली.

धाकटी दारात आली.

"रुमाल काढ."

"मी घसरले होते, ताई. साबणावरून."

"घसरलेल्या माणसाचं डोकं इथे लागत नाही." थोरलीने त्या खळग्यावर हात ठेवला. तो बरोबर धाकटीच्या कपाळाच्या उंचीला होता. "घसरणारा खाली पडतो. रुमाल काढ."

धाकटीने गाठ सोडली. उजव्या कानाच्या वर केस कातरलेले होते आणि मध्ये करवंदाएवढं काळं खपली धरलेलं भोक. टाके घालायला हवे होते, ते घातले नव्हते.

"ही डोक्याने," धाकटी भिंतीकडे बोट दाखवत म्हणाली. आवाज अगदी साधा, बाजारातून काय आणलं ते सांगावं तसा. "ती नळाजवळची, ती पण डोक्याने. दारापाशी स्टूल फेकलं होतं. वरची बादलीने. आणि पहिली त्यांच्याच मुठीने. तेव्हा त्यांनी मला मारलं नव्हतं. भिंतीलाच मारलं होतं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू रोज त्यांच्या शेजारी बसतेस. म्हणतेस, असा हात बघितला नाही. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकत असेल."

"दोन कपडे घे," थोरली म्हणाली. "चल."

तेवढ्यात बाहेरच्या दाराचं कुलूप फिरलं.

सहाव्या मजल्यावर थंड्याला मसाला कमी पडला होता. तो खाली आला आणि सिमेंट कालवणाऱ्या बाईला विचारलं, ताई कुठे. तिने सांगितलं. करणी तिथेच टाकून तो निघाला होता. आता तो न्हाणीच्या दारात उभा राहिला, धापा टाकत, हाताला ओला मसाला तसाच. त्याने आधी जमिनीवर ठेवलेल्या पाच टाइल्स पाहिल्या, मग उघडी भिंत, मग बायकोचं उघडं डोकं.

"ताई, तुम्ही कशाला त्रास घेतलात," तो म्हणाला. "रविवारी मी करणारच होतो."

"ती माझ्याबरोबर येते आहे."

"चहा टाक," तो धाकटीला म्हणाला.

धाकटीचा पाय खरंच ओट्याकडे वळला. थोरलीने तिचा दंड धरला.

"घरातलं घरात राहू द्या, ताई. तुमचं लग्न नाही झालेलं, तुम्हाला नाही कळायचं."

"मला भिंत कळते. बाजूला हो."

तो बाजूला झाला नाही. त्याने हात पुढे केला आणि धाकटीचे केस मुठीत धरले. रागाने नव्हे. दारात आडवी आलेली बादली कडी धरून उचलावी, तसे. बरोबर त्या खपलीपाशी. धाकटीच्या तोंडून आवाजसुद्धा निघाला नाही. तिची मान सवयीने मागे गेली. ती सवय थोरलीने पाहिली, आणि तिने हातोडी त्याच्या कोपरावर घातली.

हा पहिला घाव.

केस सुटले. थंड्याने आपल्या हाताकडे आश्चर्याने पाहिलं. मग तो थोरलीवर आला. सात वर्षं तिने त्याला जड पोती उचलताना पाहिलं होतं, पण ती ताकद अंगावर येते तेव्हा काय होतं ते तिला माहीत नव्हतं. त्याने तिचं तोंड पंज्यात धरलं आणि डोकं भिंतीवर आपटलं. एकदा. दुसऱ्यांदा डाव्या कानावर. कानात काहीतरी फाटलं आणि एका बाजूचं जग बंद झालं. तिसऱ्यांदा तिने अंग मुरडलं, तो तोल जाऊन शॉवरच्या पाइपावर आदळला, पाइप मधून मोडला आणि पाणी फवाऱ्यासारखं उघड्या भिंतीवर उडू लागलं.

दोघंही खाली पडली. तो वर, ती खाली. फुटक्या टाइलची कड तिच्या पाठीत घुसली. त्याने दोन्ही अंगठे तिच्या गळ्यावर ठेवले आणि दाब दिला, टाइल मसाल्यात बसवताना देतात तसा, सावकाश, सगळीकडून सारखा. तोंडाने तो काहीही बोलत नव्हता. चेहरा नेहमीचाच होता. थोरलीच्या डोळ्यांपुढे काळं येत होतं आणि त्यात त्याचा तो शांत चेहरा तेवढा दिसत होता.

मग धप्प असा आवाज झाला. धाकटीने पिशवीतली चार फुटी लेव्हल काढून त्याच्या पाठीत घातली होती. ती पुन्हा उगारली आणि पुन्हा घातली. तिसऱ्या फटक्याला ॲल्युमिनियम वाकलं. थंड्याने गळा सोडला, एका गुडघ्यावर उठला आणि बायकोकडे वळला.

"तू?" तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला.

थोरलीचा हात पाण्यात चाचपडत होता. हातोडी सापडली. पडल्या पडल्याच तिने ती त्याच्या टेकलेल्या पायाच्या गुडघ्यावर, बाजूने, होती नव्हती ती ताकद लावून मारली. वाटी फुटल्याचा आवाज तिला उजव्या कानाने स्वच्छ ऐकू आला. तो ओरडून आडवा पडला.

हा दुसरा.

इथे संपायला हवं होतं. तो उठू शकत नव्हता. धाकटी चौकट धरून उभी होती. थोरली गुडघ्यांवर उठून बसली, मानेवरून रक्त ओघळत होतं, आणि तिच्यासमोर त्याचा उजवा हात ओल्या जमिनीवर पसरलेला होता. बोटं पसरलेली. त्या हाताला करणी कशी धरायची ते तिने शिकवलं होतं. असा हात बघितला नाही असं ती गावभर सांगत होती.

तिने हातोडी दोन्ही हातांनी उचलली आणि त्या मनगटावर मारली.

घड्याळवाला वर आला तेव्हा दार सताड उघडं होतं. त्याच्या हातात टॉवेल होता. टेबलावरच्या पांढऱ्या बशीत पाण्याचा थेंब पडला, मग दुसरा, आणि तिसरा लाल पडला, तेव्हा तो उठला होता. थोरलीच्या कानातलं रक्त मोडक्या पाइपाच्या पाण्याबरोबर त्या उघड्या जागेतून भिंतीत शिरलं होतं.

न्हाणीच्या दारात येऊन तो थबकला. "मला वाटलं पाइप फुटला," तो म्हणाला.

"आवाज नाही ऐकू आला तुम्हाला?" थोरलीने विचारलं. स्वतःचं बोलणं तिला लांबून येत होतं.

"आवाज..." म्हाताऱ्याने टॉवेलाची घडी केली, पुन्हा उलगडली. "आवाज तर नेहमीच येतात, बाई. पाणी आलं तेव्हा लगेच फोन केलाच की मी."

तो काय बोलला ते बहुधा त्याचं त्यालाच उशिरा कळलं. टॉवेल धाकटीच्या हातात देऊन तो जिन्यात जाऊन बसला, आणि पोलिसांना फोन त्यानेच केला.

पोलीस ठाण्यात इन्स्पेक्टरने थोरलीचा जबाब घेतला तेव्हा तिच्या कानात कापूस होता, आणि प्रत्येक प्रश्न त्याला दोनदा विचारावा लागत होता.

"पहिला घाव कुणी घातला?"

"मी. त्याने तिचे केस धरले होते."

"गुडघ्यावरचा?"

"मीच. तो तिच्यावर जात होता."

"आणि मनगटावरचा?"

थोरली कानातला कापूस नीट बसवू लागली. शेजारच्या खुर्चीवर धाकटी बसली होती. ती म्हणाली, "तो पण ताईनेच. तेव्हा ते पडलेले होते. काही करत नव्हते."

इन्स्पेक्टरने लिहिणं थांबवून तिच्याकडे पाहिलं. मग लिहिलं.

त्या एका वाक्यामुळे थोरली छत्तीस दिवस आत राहिली. जामिनावर सुटून आली तेव्हा धाकटी थोरलीच्याच खोल्यांत राहत होती. डोक्याला टाके पडले होते, केस वाढत होते. दोघींनी जेवण केलं, भांडी घासली, आणि मग थोरलीने विचारलं, "मनगटाचं का सांगितलंस? कुणी पाहिलं नव्हतं."

"मी पाहिलं होतं."

"तुझ्यासाठी केलं मी."

"नाही, ताई. माझ्यासाठी गुडघ्यावरचा होता." धाकटी हात पुसत होती. "तो शेवटचा तुझा तुझ्यासाठी होता. चार वर्षं सगळ्यांना सांगितलं, घसरले. आता खरं बोलायला बसले, तर त्यातलं एक वगळून कसं बोलू?"

थोरलीला राग आला. ती उठून बाहेर गेली, दोन तास रस्त्याने चालत राहिली आणि परत आली. धाकटी अजून जागी होती. त्या विषयावर दोघी पुन्हा बोलल्या नाहीत, आणि आठवडाभर बाकी कशावरही नीट बोलल्या नाहीत.

खटला वर्षभर चालला. थंड्या कुबडी घेऊन यायचा. त्याचं मनगट वाकडं जुळलं होतं. चमचा धरता यायचा, करणी नाही. एकदा कोर्टाच्या व्हरांड्यात त्याने धाकटीला गाठलं. थोरली दहा पावलांवर होती.

"मी तसा माणूस नाही, तुला माहीत आहे," तो म्हणाला. जुनाच मऊ आवाज.

"माहीत आहे ना," धाकटी म्हणाली. "माझी शिलाई मशीन तिकडे राहिली आहे. वकिलाकडे पोचवा."

मशीन आली.

घड्याळवाल्याची साक्ष सगळ्यात जास्त वेळ चालली. त्याला टाळताही आली असती. पण तो इस्त्रीचा सदरा घालून आला आणि उभा राहून सांगू लागला. पहिला आवाज कुठल्या महिन्यात, कुठल्या वारी, संध्याकाळी किती वाजून किती मिनिटांनी. आयुष्यभर वेळेशी झगडलेला माणूस, त्याला सगळं बिनचूक आठवत होतं. एकवीस वेळा. समोरच्या वकिलाने विचारलं, इतकं ऐकू येत होतं तर एकदाही वर का गेला नाहीत? म्हाताऱ्याने बराच वेळ कठड्यावर हात घासले. "वरचा मुलगा जिन्यात भेटला की वाकून नमस्कार करायचा," तो म्हणाला. "मी ती मिनिटं मोजत खाली बसून राहिलो, साहेब. आवाज थांबला की बरं वाटायचं. माझ्या बाजूने एवढंच झालं."

निकाल लागला. थंड्याला तीन वर्षं. थोरलीला सहा महिने, त्या शेवटच्या घावासाठी. आधीचे छत्तीस दिवस त्यातून वजा. परवा सकाळी तिला तुरुंगात हजर व्हायचं होतं.

बाहेर पायऱ्यांवर घड्याळवाला त्यांची वाट बघत उभा होता. तो धाकटीसमोर आला आणि सदऱ्याची बाही नीट करू लागला.

"काका," धाकटीच म्हणाली, "मी जिन्यात तुम्हाला रोज भेटायचे."

"हो."

"तुम्ही विचारायचात, बरी आहेस ना? आणि मी हो म्हणायचे."

"हो."

"तुमचं माझ्याकडे काही राहिलं नाही. पण मी तुमच्याकडे आता येणार नाही."

म्हाताऱ्याने मान हलवली आणि पायऱ्या सावकाश उतरून गर्दीत गेला.

दोघी बहिणी थोडा वेळ तिथेच बसल्या. खाली रस्त्यावर गाड्या चालल्या होत्या. थोरली मनातल्या मनात कामं लावत होती. अर्धवट राहिलेली दोन न्हाणीघरं कुणावर सोपवायची, कुठल्याचा लेप वाळला आहे, कुठल्यात पाणी भरायचं आहे. सहा महिन्यांनी हात चालेल का, आणि चालला तर कोण कामाला बोलावेल. लोक तिच्याकडे आता वेगळ्या नजरेने बघत. सिमेंट कालवणारी बाईसुद्धा पूर्वीसारखी जवळ बसून पान लावत नसे.

धाकटी तिच्या डाव्या बाजूला बसून काहीतरी बोलली. त्या कानाने आता काही ऐकू यायचं नाही. थोरलीने तिच्या ओठांची हालचाल तेवढी पाहिली.

"काय म्हणालीस?"

धाकटी उठली आणि फिरून उजव्या बाजूला येऊन बसली.

"म्हटलं, घरी भात आहे सकाळचा," ती म्हणाली. "पण मला गरम खायचं आहे. कुठेतरी बसून."

"चल," थोरली म्हणाली, आणि उठताना तिने धाकटीच्या खांद्याचा आधार घेतला.